नाविक न्यायालयाच्या कागदांत साधा खलाशी कुठे सापडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकाला सतराव्या शतकातल्या सामान्य इंग्रज खलाशाचं आयुष्य समजून घ्यायचं आहे. छापील आठवणी मिळतात त्या बहुतेक कप्तानांच्या, व्यापाऱ्यांच्या, नाहीतर नामांकित प्रवाशांच्या. म्हणून त्यांनी विचारलंय, की लंडनच्या हाय कोर्ट ऑफ ॲडमिरल्टीच्या, म्हणजे नाविक न्यायालयाच्या दप्तरात असा माणूस भेटेल का, की तिथे नुसते चाचे आणि फाशीच? आणि भेटलाच, तर कोर्टातल्या जबानीवर विश्वास किती ठेवायचा? एकाच खलाशाचं जन्मापासून मरणापर्यंतचं चरित्र त्यातून उभं करता येईल का, हेही त्यांना हवंय.

भेटतो, आणि पुष्कळ भेटतो. पण तो जिथे शोधायला आपण आधी जातो तिथे नाही.

माझा हात मोडी कागदांवर तयार झाला. पेशवाईतल्या तकरिरी (लेखी निवेदनं), करिने (हकिकती), साक्षी वाचतावाचता मी इंग्रजांच्या समुद्री व्यापाराच्या दप्तराकडे वळले. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: सामान्य माणूस कागदावर स्वतःहून बोलत नाही. त्याला कोणीतरी विचारतं, तो उत्तर देतो, आणि लिहून घेणारा तिसराच असतो. त्यामुळे ‘खलाशी काय म्हणाला’ याच्या आधी ‘त्याला काय विचारलं होतं’ हे शोधायचं. एवढी एक सवय लावून घेतली तर या दप्तराचं अर्धं कोडं सुटतं.

आधी जबानी कशी व्हायची ते पाहू. हे न्यायालय सेंट पॉल्स कॅथीड्रलजवळच्या डॉक्टर्स कॉमन्समध्ये भरायचं. तिथे इंग्लंडचा नेहमीचा कायदा चालत नसे. रोमन परंपरेतला दिवाणी कायदा आणि जुने सागरी रिवाज चालत. चाच्यांच्या खटल्यांत ज्युरी असे, पण अशा दाव्यांत ज्युरी नाही, भर कोर्टातली उलटतपासणी नाही. वादी आपलं म्हणणं कलमवार लिहून द्यायचा. साक्षीदाराला एका बाजूच्या खोलीत बसवून, दोन्ही पक्षांच्या पाठीमागे, त्या कलमांवर एकेक करून विचारायचे. मग विरुद्ध पक्षानं दिलेले उलटप्रश्न. कारकून सगळं तृतीयपुरुषात उतरवायचा: ‘हा साक्षीदार म्हणतो की...’ शेवटी वाचून दाखवायचं आणि खाली सही किंवा निशाणी. हे साक्षींचे जाडजूड खंड आज लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एचसीए १३’ या मालिकेत आहेत. वादाची कलमं ‘एचसीए २४’ मध्ये आणि उलटप्रश्न ‘एचसीए २३’ मध्ये. ही फाटाफूट लक्षात ठेवा, कारण उत्तरं एका खंडात आणि प्रश्न दुसऱ्यात असतात. पुष्कळदा प्रश्नांचा कागद हाती लागतच नाही. मग उत्तरावरून प्रश्न ओळखावा लागतो.

प्रत्येक जबानीच्या डोक्यावर साक्षीदाराची ओळख असते: नाव, राहण्याचा पॅरिश (म्हणजे चर्चचा विभाग), धंदा, वय, आणि पक्षकारांना किती काळ ओळखतो. ही दोन ओळींची ओळखच मोठं घबाड आहे. वॉपिंग, शॅडवेल, रॅटक्लिफ, लाइमहाउस, नदीपलीकडचं रॉदरहाइथ ही नावं इतक्या वेळा येतात की लंडनच्या पूर्वेची ती अख्खी खलाशी वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते. वयं बहुतेकांची विशीतिशीतली. चाळिशीनंतर समुद्रावर राहिलेला साधा खलाशी कमीच भेटतो. भेटला तर तो बऱ्याचदा तांडेल, सुतार, तोफखान्याचा माणूस, असा काही हुद्दा मिळवलेला असतो. उलटप्रश्नांत विरुद्ध पक्ष साक्षीदाराची पत पाडायला बघायचा: देणी भागवून तुझ्याजवळ काय उरतं? साक्षीला यायचा खर्च कोणी दिला? वादी जिंकला तर तुला काय मिळणार? हे प्रश्न अपमान करायला विचारलेले, पण त्यांच्या उत्तरांतून गरीब माणसाच्या मिळकतीचा हिशेब आपल्यापर्यंत पोचतो, आणि तो दुसऱ्या कुठल्याच कागदात नसतो.

आता मुद्द्यावर येते. साधा खलाशी बघायचा असेल तर चाच्यांचे खटले बाजूला ठेवून पगाराचे दावे उघडा.

नाविक न्यायालयात खलाशाला दोन सोयी होत्या, ज्या इतर कोर्टांत नव्हत्या. एक, सगळे खलाशी मिळून एकच दावा लावू शकत. दुसरी, दावा थेट जहाजावर लावता येई. कोर्टाचा माणूस जाऊन मुख्य डोलकाठीवर जप्तीचा कागद लावायचा, की जहाज अडकलं. मालक दडून बसो, कप्तान दुसऱ्या सफरीवर जावो, जहाज तर गोदीत उभं असतंच. नेहमीच्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी सतराव्या शतकात नाविक न्यायालयाचे पंख बरेच छाटले, सर एडवर्ड कोक त्यांत आघाडीवर. पण खलाशांच्या पगाराचे दावे त्यांनी चालू दिले. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, इंग्रजी कायद्यात ज्याला कोणी विचारत नाही, असा माणूस या एका दाराशी हक्कानं उभा राहिलेला दिसतो. मला या दप्तराचं सगळ्यात मोल वाटतं ते यासाठी.

पगार किती? १६५३ मध्ये आरमारानं तरबेज खलाशाला महिना २४ शिलिंग आणि साध्या खलाशाला १९ शिलिंग ठरवले, आणि हा दर थेट १७९७ पर्यंत हलला नाही. व्यापारी जहाजांवर शांततेच्या काळात दर याच्याच आसपास असे. युद्ध सुरू झालं, आरमारानं माणसं पकडून न्यायला सुरुवात केली, की व्यापारी जहाजांवरचे दर दुपटीपर्यंत चढत. निघताना महिन्याभराची उचल मिळायची. ती बायकोच्या हाती पडायची, नाहीतर खानावळवाल्याच्या उधारीत जायची. १६९६ पासून ग्रिनिच इथल्या खलाशांच्या रुग्णालयासाठी दरमहा सहा पेन्स कापू लागले.

पण दर हा अर्धाच भाग. खरी मेख एका नियमात होती: भाडं मिळालं तर पगार. माल मुक्कामाला पोचून जहाजानं भाडं कमावलं तरच खलाशाचा पगार देणं लागे. जहाज बुडालं किंवा शत्रूनं पकडलं, तर जीव वाचवून आलेल्या माणसाचा पगारही बुडाला. वाटेत एखाद्या बंदरात माल उतरवला असेल तर तिथपर्यंतचा पगार, आणि त्या बंदरात काढलेल्या काळाचा अर्धा. उदाहरण मांडून बघा. जहाज लंडनहून बार्बाडोसला दोन महिन्यांत गेलं, माल उतरवला, तीन महिने तिथे राहिलं, परतताना एका महिन्यानं बुडालं. माणसानं राबून काढले सहा महिने. मिळणार दोन अधिक दीड, म्हणजे साडेतीन महिन्यांचे. २४ शिलिंगांच्या दरानं (२० शिलिंगांचा एक पौंड) ७ पौंड ४ शिलिंगांऐवजी ४ पौंड ४ शिलिंग, आणि त्यातून उचल वजा. हा नियम कायद्यानं गेला तो १८५४ मध्ये.

हे लांबण लावायचं कारण आहे. नवा वाचक या जबान्या उघडतो आणि वैतागतो: हा माणूस वादळाबद्दल, मरणाबद्दल बोलायचं सोडून माल कुठल्या दिवशी उतरला, किती पिंपं उतरली, हेच काय सांगत बसलाय? अहो, त्याचा पगार त्या तारखेवर लटकलाय. तसंच माल खराब झाल्याचं. तो खलाशांच्या हयगयीनं खराब झाला असं ठरलं तर नुकसान त्यांच्या पगारातून वळतं व्हायचं. म्हणून प्रत्येक जबानीत वादळ भयंकर असतं, आणि जहाज ‘घट्ट, भक्कम आणि मजबूत’ असतं. हे शेवटचे शब्द खलाशाचे नव्हेतच. ते वकिलाच्या कलमातले आहेत, साक्षीदारानं फक्त मान डोलावली आहे. दहा जबान्यांत तेच तीन शब्द दिसले की समजून जायचं.

मग खलाशाचे स्वतःचे शब्द कुठले? ज्या गोष्टीवर भांडण नव्हतं, ती सांगतानाचे. वाद मालाचा चालू असतो आणि माणूस सहज म्हणून जातो की मी तेव्हा पंपावर होतो, अमका आजारी पडून होता, आम्ही मेलेल्याचे कपडे डोलकाठीपाशी लिलावात काढले होते. हे खोटं बोलून कुणाचा फायदा नव्हता. माझ्या वाचनात मी या वाक्यांखाली वेगळ्या रंगाची रेघ मारते.

याचा एक नमुना आपल्या मुंबईचाच आहे. १६९७ च्या सप्टेंबरात कप्तान विल्यम किडचं ‘ॲडव्हेंचर गॅली’ हे जहाज कारवारला आलं. तिथे काही माणसं जहाज सोडून पळाली. बेंजामिन फ्रँक्स नावाचा जवाहिऱ्या न्यूयॉर्कहून त्याच जहाजावर आला होता. त्यानं २० ऑक्टोबर १६९७ ला मुंबईत इंग्रजांपुढे जबानी दिली. कंपनीला जाणून घ्यायचं होतं की किड चाचा झालाय का. फ्रँक्सनं ते सांगितलंच, पण जाताजाता हेही सांगितलं की किनाऱ्यावर उतरायची परवानगी मिळवायला त्याला कप्तानाला एक बीव्हरच्या लोकरीची टोपी द्यावी लागली. खटल्याशी या टोपीचा संबंध नाही. पण जहाजावरून उतरणंसुद्धा कप्तानाच्या मर्जीवर होतं, आणि त्या मर्जीला किंमत होती, हे त्या एका टोपीतून कळतं.

त्याच किडवर १७०१ च्या मे महिन्यात लंडनमध्ये खटला चालला, त्यातही असंच. तोफखान्याचा माणूस विल्यम मूर याला त्यानं मलबार किनाऱ्याजवळ बादली मारून ठार केलं, हा पहिला आरोप. आरोपपत्रात बादलीचं वर्णन आहे: लाकडी, लोखंडी पट्ट्यांची, किंमत आठ पेन्स. आणि साक्षीदार जोसेफ पामर सांगतो की किड आला तेव्हा मूर डेकवर छिन्नीला धार लावत बसला होता. बसून हत्याराला धार लावणारा माणूस. किडचं चरित्र वाचणारे या छिन्नीवरून सरकन पुढे जातात. तुम्ही तिथे थांबा, तुमचा सामान्य खलाशी तिथेच बसलाय.

म्हणजे चाच्यांचे खटले निरुपयोगी नाहीत. फक्त ते पगाराच्या दाव्यांच्या शेजारी ठेवून वाचायचे. हेन्री एव्हरीचं प्रकरण याला सगळ्यात चांगलं. १६९५ मध्ये त्यानं सुरतेकडे येणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं, हे आपल्याकडे ठाऊक असतं. पण सुरुवात कुठे झाली? लंडनच्या सर जेम्स हूब्लनसारख्या धनिकांनी काढलेला जहाजांचा ताफा १६९४ मध्ये स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात महिनोन्‌महिने अडकला. पगार थकला. घरी लंडनमध्ये बायका नवऱ्यांच्या पगारासाठी अर्ज करत होत्या. ७ मे १६९४ च्या रात्री ‘चार्ल्स द सेकंड’ जहाजावरच्या काही लोकांनी जहाजच पळवलं. त्यांतले सहा जण १६९६ च्या ऑक्टोबरात लंडनला कोर्टापुढे आले. ज्युरीनं पहिल्यांदा त्यांना सोडलं, मग दुसऱ्या आरोपावर दोषी धरलं, आणि २५ नोव्हेंबरला पाच जण वॉपिंगच्या एक्झिक्यूशन डॉकला फासावर गेले. पण त्याच ताफ्यातले जे लोक जहाज पळवण्यात सामील झाले नाहीत, त्यांच्यातले काही लंडनला परतून नाविक न्यायालयात थकलेल्या पगाराचा दावा लावतात. पुढे जगप्रवासी म्हणून गाजलेला विल्यम डँपियर त्यांच्यात होता. एकाच बंदरातली एकच थकबाकी: काहींनी जहाज धरलं, काहींनी कोर्ट. हे दोन्ही कागद शेजारी ठेवले की चाचा ही वेगळी जात नव्हती हे दिसतं.

त्याच प्रकरणातला जॉन डॅन हा खलाशी लुटीचं सोनं जाकिटाच्या अस्तरात शिवून रोचेस्टरला मुक्कामी राहिला. खानावळीतल्या मोलकरणीला जाकीट जड लागलं आणि तो पकडला गेला. त्याची जबानी आहे, ती वाचा. आपला जीव वाचवायला बोलणारा माणूस कुठे भरभरून बोलतो आणि कुठे आखडतो, हे तिच्यात स्वच्छ कळतं.

मार आणि आजारपण यांबद्दलही थोडं. युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्ययुगापासून ओलेरॉनचे सागरी नियम चालत, आणि हे न्यायालय ते मानत असे. त्यांत कप्तानाचा एक फटका खलाशानं सोसावा, पुढचा पडला तर स्वतःचा बचाव करायला त्याला मुभा, असं आहे. आजारी माणसाला किनाऱ्यावर ठेवावं, त्याला जागा द्यावी, रात्री उजेडाला मेणबत्ती द्यावी, आणि सेवेला जहाजावरचा एक पोऱ्या किंवा पगारी बाई ठेवावी, असंही आहे. मारहाणीच्या दाव्यांत म्हणून ‘मार बसला का’ हा प्रश्न दुय्यम असतो. ‘वाजवीपेक्षा जास्त होता का’ हा मुख्य. साक्षीदार दोराची जाडी, फटक्यांची संख्या, माणूस नंतर कामावर किती दिवसांनी आला, हे सगळं सांगतात ते त्यामुळे. या जबान्या वाचताना मन घट्ट करावं लागतं. काही दिवस मी त्या दुपारनंतर उघडतच नाही.

मृत्यूनंतरचे कागदही विसरू नका. १६७७ च्या कायद्यानं मृत्युपत्रांवर बंधनं आणली, पण समुद्रावरच्या खलाशाला सूट ठेवली. त्यानं मरताना तोंडी सांगितलेलंही चालत होतं. मग दोन मित्र कोर्टात येऊन सांगतात की तो अमक्या रात्री म्हणाला, माझं जे आहे ते वॉपिंगच्या अमकीला द्या. त्या दोन ओळींत कधी लग्न असतं, कधी ठरलेलं लग्न, कधी नुसती खानावळीची उधारी.

आता विश्वासाचा प्रश्न. सरसकट उत्तर नाही, ते तीन गोष्टींवर ठरतं: साक्षीदार स्वतः दाव्यात वाटेकरी आहे का, वाद कशावर आहे, आणि तो घटनेच्या वेळी नक्की कुठे उभा होता. पगाराच्या दाव्यात एकमेकांसाठी साक्ष देणारे सोबती एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगत असतील तर ते एकत्र बसून ठरवून आलेत असं धरावं. पण ते खोटंच असेल असं नव्हे. वयावर फार भिस्त नको. ‘तीस वर्षं किंवा त्याच्या आसपास’ म्हणणारा माणूस अट्ठावीसचाही असेल, चौतीसचाही. सहीवरून साक्षरता मोजायची तर जपून: अठराव्या शतकाच्या सुरुवातीला साध्या खलाशांतले साधारण दोनतृतीयांश सही करत होते, आणि हे तेव्हाच्या मजुरांच्या मानानं बरंच जास्त आहे, पण सही येणं म्हणजे चार ओळी लिहिता येणं नव्हे. आणि या दप्तरात समाधानी माणूस येत नाही. ज्याला वेळेवर पगार मिळाला, ज्याचा कप्तान भला होता, त्यानं कोर्टाची पायरी चढायचं कारणच नव्हतं. तेव्हा दाव्यांची संख्या मोजून ‘सगळीकडे छळच होता’ असा निष्कर्ष काढू नका.

राहिला एका माणसाच्या चरित्राचा प्रश्न. स्पष्टच सांगते, याचा हट्ट धरू नका. एकेक खलाशी या खंडांत एकदाच डोकावतो. नावाची स्पेलिंगं चार तऱ्हांची, आणि जॉन स्मिथ किती असतील! पूर्व लंडनमधल्या स्टेपनी पॅरिशच्या नोंदवह्या, मृत्युपत्रं, आरमाराच्या पगारवह्या यांच्याशी सांधे जुळवून क्वचित कुणाची चार-पाच ठिकाणं लागतात, पण त्यासाठी आडनाव दुर्मीळ हवं आणि नशीब हवं. त्यापेक्षा एक जहाज धरा. एका जहाजाच्या एका दाव्यात सहा-सात जण त्याच सफरीबद्दल बोलतात: स्वयंपाकी, सुतार, पोऱ्या, तांडेल. एक चुकला तर दुसऱ्याच्या जबानीतून ते कळतं. जहाजाची किंमत ठरवणारे कागद सोबत मिळाले तर आणखी चांगलं. ‘मेफ्लॉवर’ हे जहाज सगळ्या जगाला अमेरिकेमुळे माहीत आहे. १६२४ मध्ये याच न्यायालयासाठी त्याची मोजदाद झाली तेव्हा सगळं मिळून १२८ पौंड ८ शिलिंग ४ पेन्स भरले, त्यात सांगाडा, डोलकाठ्या, होडी वगैरेंचे मिळून ५० पौंड. शिडं, नांगर, किटल्या यांच्या त्या यादीतून खलाशी ज्या वस्तूंमध्ये वावरला त्या हाताला लागतात.

सुरुवात १६५० च्या दशकापासून करा. राजा नव्हता त्या १६५१ ते १६६० या काळात कोर्टाचं सगळं कामकाज इंग्रजीत चाललं. त्याच्या आधी आणि नंतर १७३३ पर्यंत जबानीचा गाभा इंग्रजी असला तरी भोवतालचा मजकूर लॅटिन असतो. शिवाय याच दशकातल्या साक्षी ‘मरीनलाइव्ह्ज’ या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी वाचून ऑनलाइन ठेवल्या आहेत, तेव्हा लंडनला न जाता पुण्यात किंवा नागपुरात बसून काम सुरू होतं. एक दावा पूर्ण वाचून संपवा, मगच दुसरा. तारखा टिपताना ध्यानात असू द्या की तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. कागदावर १० फेब्रुवारी १६५५ असेल तर आपल्या हिशेबानं ते १६५६ साल. हे पहिल्याच दिवशी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर तुमचा खलाशी निघण्याआधीच परत आलेला दिसेल.